बोधचिन्ह स्पर्धा : आधी संस्थेची ओळख द्या

शाळा, वाचनालय, व्यायामशाळा वा पतसंस्था असो, तिचे सुवर्ण किंवा अमृत महोत्सवी वर्ष जवळ आले, की पहिल्याच बैठकीत बोधचिन्हाचा विषय निघतो. 'तरुणांसाठी स्पर्धा ठेवू' या सूचनेला कोणीच विरोध करीत नाही. सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावातही याहून निराळे घडत नाही. सूचना स्तुत्य आहे. मात्र पुढे जे पत्रक निघते, त्यात कागदाचा आकार, अंतिम दिनांक आणि पारितोषिकाची रक्कम एवढेच असते. संस्था कोणी, कोणत्या परिस्थितीत उभी केली, याविषयी एक ओळही नसते. मग प्रवेशिकाही तशाच येतात : पणती, उघडे पुस्तक, गुंफलेले हात आणि मधोमध ५० चा आकडा. स्पर्धक सिन्नरचा असेल तर त्यात गोंदेश्वराच्या शिखराची भर पडते. हा दोष मुलांचा नव्हे.

गोंदेश्वर हे सिन्नरचे भूषण आहेच. यादवकालीन भूमिज शैलीचे हे शिवपंचायतन. मधले शिवमंदिर आणि भोवतीची सूर्य, विष्णू, पार्वती व गणेश यांची चार लहान देवळे एकाच जोत्यावर उभी आहेत. अनेक उपक्रम एका छत्राखाली चालविणाऱ्या संस्थेला या रचनेत आपले रूप सापडू शकेल. पण विडी वळणाऱ्या माता-भगिनींच्या बचतीतून एखादी पतसंस्था उभी राहिली असेल, तर तिने केवळ गाव सिन्नर म्हणून शिखर का मिरवावे? तंबाखूचे चिन्ह कोणालाच नको, हे खरे. पण मांडीवरचे सूप आणि त्यावर झुकलेले हात तरुण चित्रकाराला दिसले पाहिजेत. त्यासाठी त्याला त्या घरांत कोणीतरी नेले पाहिजे.

स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनचे चिन्ह स्वतः योजिले. त्यातील लाटा म्हणजे कर्म, कमळ म्हणजे भक्ती, उगवता सूर्य म्हणजे ज्ञान, भोवतीचा सर्प म्हणजे योग आणि हंस म्हणजे परमात्मा. संस्थेचे तत्त्वज्ञान आधी निश्चित होते, चिन्ह त्यातून प्रकटले. स्पर्धेतूनही असे घडू शकते. केंद्र सरकारने २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा घोषित केली, तेव्हा त्यात भारताची ऐतिहासिक, सांस्कृतिक ओळख उमटावी अशी अपेक्षा स्पष्टपणे मांडली होती. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून १५ जुलै २०१० रोजी मुंबई आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचे चिन्ह स्वीकृत झाले. तामिळनाडूच्या या तरुणाने देवनागरी 'र' आणि त्यावरील शिरोरेखा निवडली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी महात्मा गांधींचा चष्मा सुचला तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांना. दिल्लीची किंवा मुंबईची मक्तेदारी या क्षेत्रात नाही.

रुपयाच्या स्पर्धेच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. मग गावपातळीवरच्या संस्थेने परीक्षक कोण, निकष कोणते, हे आधीच जाहीर करण्यात कमीपणा कसला? देणगीदाराच्या चिरंजीवाची प्रवेशिका पहिली आल्याची कुजबुज एकदा सुरू झाली, की पुढच्या कार्यक्रमाला ती मुले फिरकत नाहीत, आणि तरुण मिळत नाहीत अशी तक्रार मात्र आपणच करतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. 'सर्व प्रवेशिकांवर संस्थेचा हक्क राहील' असे सरसकट वाक्य पत्रकात टाकले जाते. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार अशा हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. आणि ते झाल्यावरही कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा कलावंताचा अधिकार कलम ५७ खाली शाबूत राहतो. निवड न झालेल्या पन्नास मुलांच्या चित्रांवर तर संस्थेने डोळा ठेवूच नये. हजार रुपयांचे पाकीट आणि एक शाल देऊन वर्षभर फलक, स्मरणिका, पत्रव्यवहार सजवायचा आणि चित्रकाराचे नाव कोठेच छापायचे नाही, ही काटकसर सेवाकार्य करणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

पत्रक काढण्यापूर्वी एखाद्या रविवारी स्पर्धकांना बोलवावे. संस्थेचे जुने इतिवृत्त त्यांच्यासमोर ठेवावे, हयात असलेल्या संस्थापक कार्यकर्त्यांना दोन तास बोलू द्यावे, चहा द्यावा, आणि मग महिनाभर मुदत द्यावी. निवडलेले चिन्ह स्मरणिकेवर छापताना अध्यक्षांच्या संदेशाच्या आधीच्या पानावर त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव आणि चिन्हाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत द्यावा.