टेम्पो आला कुठून?

खोली बदलायची तर आपण टेम्पो सांगतो. हे नाव कुठले, याचा शोध घेताना आम्ही पार जर्मनीत पोहोचलो! हॅम्बुर्गला 1924 साली विडाल कंपनी निघाली. तिच्या गाड्यांचे नाव टेम्पो. तिच्याशी करार करून फिरोदियांनी 1958 साली बजाज टेम्पो काढली, आणि हॅन्सीट ही तीनचाकी आपल्या गोरेगावात बनू लागली. पुढे कारखाना आकुर्डीला गेला. 2005 साली कंपनी फोर्स मोटर्स झाली. टेम्पो फक्त आपल्या तोंडी उरला. मालकांची नावे कागदावर आहेत. नटबोल्ट आवळणाऱ्यांची कोण लिहिणार? गोरेगावात राबलेले कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांचे खाते, पाळी, पगार आजच विचारून वहीत उतरवा. ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.