गृहीत धरलेला भंडारा

मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराकडे हल्ली ऑर्डरच्या मागोमाग एक तक्ता येतो. महिन्याला वीज किती युनिट लागली, जनरेटरला डिझेल किती गेले, माल कोणत्या गाडीतून किती किलोमीटर नेला, एवढे रकाने भरून पाठवायचे. कारखानदार तेलकट हात चिंधीला पुसतो, महावितरणच्या बिलांची पिशवी काढतो आणि पुतण्याला संगणकावर बसवतो. समजा, बिलात चार हजार युनिट आहेत. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे २.८ टन झाले. जनरेटरमध्ये शंभर लिटर डिझेल जळले असेल तर आणखी २६८ किलो. गणित सातवीतल्या मुलाला जमावे इतके सोपे. तक्ता जातो, आणि त्याचे पुढे काय होते हे कारखानदाराला कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी निरोप तेवढा येतो: आकडा कमी करा.

हा आकडा कुठे जातो ते पाहू. कंपन्यांच्या कार्बनचा हिशेब मांडण्याची जी पद्धत जगभर चालते ती २००१ मध्ये आली. तिच्यात तीन कप्पे आहेत. उदाहरण म्हणून भंडारा जिल्ह्यातलाच एक कारखाना घ्या: लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. तिथल्या भट्टीत, वाहनांत जे इंधन जळते ते पहिल्या कप्प्यात. विकत घेतलेल्या विजेमागचा धूर दुसऱ्यात. आणि उरलेले सगळे तिसऱ्यात: घेतलेले पोलाद, पुरवठादारांची वीज, मालाची ने-आण, आणि तो गिअरबॉक्स बसवलेला ट्रक भंगारात जाईपर्यंत पिईल ते सगळे डिझेल. ट्रक बनवणाऱ्याच्या हिशेबात हा तिसरा कप्पा डोंगराएवढा आणि पहिले दोन मिळून एखाद्या टेकाडाएवढे असतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर साकोलीच्या बाजूला तासभर उभे राहिले तरी कळते.

‘सेबी’ने मे २०२१ मध्ये परिपत्रक काढले आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा हिशेब मांडणारा अहवाल देणे सक्तीचे केले. चांगलेच केले. २०२३-२४ पासून सर्वात मोठ्या दीडशे कंपन्यांच्या मुख्य आकड्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणीही सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने हजारापर्यंत न्यायची आहे. पण या अहवालाच्या नमुन्यात पहिले दोन कप्पे सक्तीचे आणि तिसरा ऐच्छिक आहे. घरखर्चाच्या वहीत चहा-साखर पै-पैशाने लिहायची आणि घराचा हप्ता वाटला तर लिहायचा, असा हा प्रकार.

तरीही आमची मुख्य तक्रार वेगळी आहे. या अहवालांतला आकडा कंपनीचा असतो, गावाचा नसतो. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी ‘मॉइल’च्या आहेत. एक उघडी, एक भूमिगत. कंपनीच्या खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट अशा तीन जिल्ह्यांत पसरल्या आहेत, आणि तिच्या पवनचक्क्या मध्य प्रदेशात देवासकडच्या टेकड्यांवर आहेत. ताळेबंदात ही सगळी बेरीज-वजाबाकी एका ओळीत होते. डोंगरीच्या डंपरचे डिझेल आणि देवासचा वारा एकाच आकड्यात विरघळतात. कायद्याने यात काही चुकीचे नाही. कार्बन कुठूनही उठला तरी आभाळ एकच आहे, हेही खरे. मग गावाचा वेगळा हिशेब कशाला, असे कुणी विचारेल.

कारण आभाळ एक असले तरी पगार एका जागचे असतात. कर, निर्बंध, नवी यंत्रे, कारखान्याची टाळेबंदी, हे सगळे कोणत्यातरी एका गावात येऊन उतरते. माणेकनगरचा फेरो मँगनीजचा कारखाना बंद पडलेला तुमसरने पाहिला आहे. तेव्हा कार्बनचा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. पुढच्या वेळी तो असेल. वरठीच्या पोलादाचेच पाहा. सनफ्लॅगचा कारखाना वाहन उद्योगासाठी खास प्रतीचे पोलाद बनवतो. देशात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी दोनाच्या खाली आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या केली: २.२ टनांच्या आत असेल तरच हरित, १.६ च्या आत असेल तर पाच तारे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाचा कार्बन विचारायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर आकारणी लागू केली. त्या नियमांत एक मेख आहे. तुम्ही तुमचा खरा, तपासलेला आकडा दिला नाही तर ते त्यांचा गृहीत आकडा धरतात, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. जो मोजत नाही त्याच्या माथी दुसऱ्याचे माप.

मोठा पोलाद कारखाना सल्लागार नेमेल, मीटर बसवेल, आपला आकडा सिद्ध करेल. भंडाऱ्याच्या कासाराने काय करायचे? या शहराला पितळ नगरी म्हणत. घरातली फुटकी घागर, चेपलेली पातेली मोडीत द्यायची आणि घडणावळ देऊन नवे भांडे घ्यायचे, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. खनिजापासून तांबे-जस्त काढण्यापेक्षा मोड वितळवायला कितीतरी कमी ऊर्जा लागते. म्हणजे आज जिला ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणून परिसंवाद भरवतात ती इथे भट्टीसमोर बसून चालली होती. पण एका उत्पादनाची कार्बन पाऊलखूण प्रमाणित करून घ्यायची तर जो खर्च येतो त्यात त्या कारागिराची वर्षभराची मोड विकत येईल. तेव्हा ‘कमी कार्बन’ची चिठ्ठी चकचकीत खोक्यातल्या बाटलीवर लागते आणि पितळेचा गुंड उघडाच विकला जातो.

आता धानाकडे येऊ. भंडाऱ्यावर लिहायचे आणि धानाला बगल द्यायची, हे शक्य नाही. आणि कार्बनच्या हिशेबात हा जिल्हा जिथे खरा अडकणार आहे ती जागा कारखान्यात नाही, बांधीत आहे.

बांधीत पाणी साचले की चिखलातली हवा संपते. हवा नसली की मातीतले सूक्ष्म जीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन बनवतात, आणि तो बराचसा धानाच्या पोकळ देठातून नळीतून निघावा तसा वर येतो. यात शेतकऱ्याचा दोष शोधणे म्हणजे गायीला रवंथ केल्याबद्दल दंड करणे आहे. पण मिथेन निघतो, हे खरे. आणि तांदूळ विकत घेणाऱ्या, विशेषतः परदेशी विकणाऱ्या कंपन्यांच्या तिसऱ्या कप्प्यात तो कधी ना कधी लिहिला जाणार, हेही खरे. प्रश्न आहे तो किती लिहिला जाणार हा.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, देशांना हिशेब मांडण्यासाठी मार्गदर्शिका दिल्या आहेत. २००६ च्या मार्गदर्शिकेत साऱ्या जगाच्या भातासाठी एकच गृहीत आकडा होता: सतत पाण्याखाली असलेल्या शेतातून हेक्टरी दिवसाला १.३० किलो मिथेन. पीक १२० दिवसांचे धरले तर १५६ किलो. २०१९ मध्ये सुधारणा झाली आणि दक्षिण आशियासाठी ०.८५ असा वेगळा आकडा आला. म्हणजे १०२ किलो. लाखांदूरच्या बांधीत कुणी कुदळही न मारता एक तृतीयांशाहून जास्त मिथेन कागदावरून उडाला. पुढे पाहा. तेच शेत पावसाच्या पाण्यावरचे असेल तर त्या आकड्याला ०.५४ ने गुणायचे, म्हणजे ५५ किलो. पाऊस दगा देणाऱ्या भागातले असेल तर ०.१६ ने, म्हणजे अवघे सोळा. आणि मिथेनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करताना शंभर वर्षांचे माप लावले तर २८ ने गुणतात, वीस वर्षांचे लावले तर सुमारे ८० ने. कोणता रकाना निवडला आणि कोणते माप लावले, एवढ्यावर एकाच शेतकऱ्याचा ‘गुन्हा’ कित्येक पटींनी लहान-मोठा होतो.

मग भंडाऱ्याची बांधी कोणत्या रकान्यात बसते? इथेच खरी गोम आहे. रोवणी पावसावर होते. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की बांधी भेगाळते. गर्भारपणात आलेल्या धानाला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचे पाणी सोडतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या, नंतर मालगुजारांच्या आणि मग सरकारच्या झालेल्या त्या तलावांवर या जिल्ह्याची ओळख उभी आहे. म्हणजे पीक अर्धे पावसाचे, अर्धे तलावाचे, मध्ये एखादा कोरडा पंधरवडा. उन्हाळी धानाचा प्रकार आणखी निराळा. ते पूर्ण ओलिताचे. आवत्या टाकून पेरलेल्या धानात चिखलणीच नसते, त्यामुळे मिथेनही कमी. ज्या आवत्याला कालपर्यंत मागास म्हणून हिणवले तो उद्या ‘हवामान-स्नेही थेट पेरणी’ या नावाने पाहुणा म्हणून येईल, तेव्हा त्याला ओळख दाखवावी. या सगळ्याला छापील तक्त्यात एकच रकाना मिळतो, आणि तो भरणारा माणूस बांधीवर आलेला नसतो.

दरम्यान कार्बन क्रेडिटवाले भातपट्ट्यांत फिरू लागले आहेत. शेत आलटून पालटून ओले-कोरडे ठेवा, मिथेन निम्म्यावर येईल, त्याचे पैसे देऊ, अशी ही योजना. शास्त्र बरोबर आहे. पण भंडाऱ्यात वरच्या बांधीचे पाणी धुऱ्यातली मोरी फोडून खालच्या बांधीत जाते. मधल्या एकानेच आपली बांधी वाळवायची म्हटली तर खालचे चार जण भांडायला येतील, आणि ते बरोबरच असतील. शिवाय श्रावणात झड लागलेली असताना शेत कोरडे करायचे कसे, हे करारपत्रात लिहिलेले नसते. करार करायचाच तर तो तलावाखालच्या सगळ्या शेतकऱ्यांशी, गावाच्या पाणीवाटपाशी व्हायला हवा; एकेकट्याच्या अंगठ्याशी नव्हे. कागदावर शेते वाळवण्याचे काय होते ते ‘वेरा’ या क्रेडिट नोंदवणाऱ्या जागतिक संस्थेने दाखवून दिले: २०२४ मध्ये तिने चीनमधील ३७ भातशेती प्रकल्प नामंजूर केले.

गोसीखुर्दचेही एक वाक्य लिहून ठेवायला हवे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाच्या फुगवट्याखाली झाडझुडूप आणि सुपीक जमीन गेली, त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून येऊन मिळते. अशा साचलेल्या, कुजत्या पाण्यातूनही मिथेन निघतो. तो कोणत्याच कंपनीच्या कप्प्यात नाही.

आमचे मागणे फार नाही. कंपन्यांनी आपला अहवाल कारखानानिहाय, खाणनिहाय द्यावा, आणि जिल्ह्यातला भाग मराठीत द्यावा. इंधनाचा आणि विजेचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवलेलाच असतो. मुंबईत किंवा चेन्नईत गेल्यावर तो एकत्र होतो. तो एकत्र करण्याआधीचा कागद दाखवायला खर्च येत नाही. लहान कारखानदाराला आणि कासाराला जिल्हा उद्योग केंद्राने हा हिशेब फुकट करून द्यावा, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाने आकडा मागितला की त्याच्याकडे स्वतःचा असेल. राइस मिलचेही तसेच. शंभर किलो धान भरडले की शासकीय भरडाईच्या हिशेबाने ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो आणि वीसेक किलो तूस निघते. मिलच्या बॉयलरमध्ये ते तूस जळते तेव्हा कोळसा वाचतो, आणि त्याचा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे हिशेबात वेगळा मांडतात. हे न सांगणाऱ्या मिलवाल्याच्या माथी कोळशाचा आकडा बसेल.

आणि धानाचा आकडा इथेच मोजला जावा. त्याची रीत अवघड नाही. रोवलेल्या धानाच्या चार-सहा थोंबांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, दर दहा-पंधरा मिनिटांनी तिच्यातली हवा सिरिंजने ओढून कुपीत भरायची आणि प्रयोगशाळेत मिथेन मोजायचा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धानावर काम करणारे संशोधन केंद्र साकोलीतच आहे. पावसावरची बांधी, मामा तलावाखालची बांधी, उन्हाळी धान, आवत्या, शेणखत घातलेली आणि न घातलेली, अशा सगळ्या प्रकारांवर दोन-तीन वर्षे पेट्या ठेवल्या तर भंडाऱ्याला स्वतःचा आकडा मिळेल.

फक्त त्या आकड्यावर नाव कुणाचे, हे आधी ठरवून घ्यावे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळी ओंबी हेरून वाढवली, तिला हातातल्या घड्याळाचे एचएमटी हे नाव मिळाले, विद्यापीठाने ते वाण शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी म्हणून बाजारात आणले, आणि दादाजींना श्रेयासाठी आयुष्यभर झगडावे लागले. २०१८ मध्ये ते गेले. ज्याच्या बांधीत पेटी ठेवायची त्या शेतकऱ्याचा सातबारा नोंदवहीत पहिल्या पानावर असावा, मोजणीचा कागद त्याच्या हातात आधी पडावा आणि क्रेडिटचे पैसे आलेच तर त्यातला त्याचा वाटा पेटी ठेवण्यापूर्वी लिहिलेला असावा. मृगाचा पाऊस आला की पऱ्हे टाकले जातील. रोवणीला त्यानंतर तीन-चार आठवडे उरतात.