एकाला टोचून, एकाला मोजून

‘क’ जीवनसत्त्व सगळ्यांना ठाऊक असते. लिंबू, आवळा, पेरू! पण इंग्रजी ‘के’ अक्षराचे जीवनसत्त्व वेगळे. नावात एका मात्रेचा फरक, काम मात्र अगदी निराळे. 1929 च्या सुमारास हेन्रिक दाम या डॅनिश शास्त्रज्ञाने कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेला आहार दिला, तेव्हा त्यांना रक्तस्राव होऊ लागला. पुढे रक्त गोठायला मदत करणारा घटक सापडला. ‘कोआग्युलेशन’ म्हणजे रक्त गोठणे. डॅनिशमध्ये हा शब्द ‘के’ने सुरू होतो, म्हणून हे नाव. 1943 चे नोबेल दाम आणि अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांना मिळाले.

भोपाळच्या मिसरोदला माझी चुलत बहीण असते. तिच्या लेकीच्या बाळंतपणाला मी गेले होते. बाळ जन्मले आणि नर्सबाई ‘के’चे इंजेक्शन घेऊन आल्या. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, “जन्मल्या जन्मल्या सुई कशाला? आमची सात झाली, कुणाला टोचलं होतं?”

नर्सबाईंनी शांतपणे समजावले. हे जीवनसत्त्व वारेतून बाळाकडे फारच थोडे जाते, आईच्या दुधातही कमी असते. म्हणून काही बाळांना पहिल्या आठवड्यात, क्वचित पुढच्या काही महिन्यांतही रक्तस्राव होतो. कधी थेट मेंदूत. कुणाला होईल ते आधी कळत नाही. म्हणून जन्मतः मांडीत एक मिलिग्रॅम; फार कमी वजनाच्या बाळाला त्याहून कमी.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सात झाली, सहा वाढली. सातवं आठव्या दिवशी कशानं गेलं, कुणी सांगितलं नाही. द्या बाई, टोचा.”

त्याच घरात उलटा प्रश्न होता. सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू. ही गोळी ‘के’च्या कामातच आडवी येते. कुणीतरी त्यांना हिरवी भाजी बंद करायला सांगितले. मग थंडीत मेथी, पालक, बथुआ बाजारात आला की मोह आवरेना. एक आठवडा पूर्ण बंद, दुसऱ्या आठवड्यात रोज! आयएनआर तपासणीचा आकडा वरखाली होत राहिला. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, भाजी सोडू नका. पण रोज साधारण सारखीच खा.”

मैत्रिणींनो, आपल्याकडे मेथी म्हणा नाहीतर मेंत्ये सोप्पु म्हणा, गुण एकच. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात चारशेहून अधिक मायक्रोग्रॅम ‘के’ असते. मोठ्या माणसाला दिवसाला शंभराच्या आसपास पुरते. ते तेलातुपात विरघळते, म्हणून भाजीला फोडणी हवीच. शिजवल्याने ते फारसे जात नाही. हाडांनाही त्याची गरज असते.

घरात बाळंतपण असेल, तर बाळाला ‘के’ दिले का, हे घरी येण्यापूर्वी जरूर विचारा. प्रसूती घरीच झाली असेल, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या. आणि रक्त पातळ करणारी गोळी कुणी घेत असेल, तर डॉक्टरांना न विचारता ताटात मोठा बदल करू नका, गोळीही थांबवू नका. कन्नडमध्ये म्हणतातच, ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल.’ ज्याला जेवायचे कळते, त्याला रोग नाही. पण कळायला आधी विचारावे लागते.