काय मोजायचं, हे कोण ठरवणार?



वसुबारस झाली की दुसऱ्या दिवशी धन्वंतरीची पूजा. त्या निमित्ताने चरकसंहितेची आठवण काढायला हरकत नाही. उपचाराचे चार पाय चरकाने सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. प्रत्येकाच्या अंगी चार गुण हवेत. रोग्याचे गुण असे : त्याला आठवण असावी, त्याने वैद्याचं ऐकावं, तो घाबरट नसावा आणि आपल्याला काय होतंय ते त्याला नीट सांगता यावं. चौघांत मोठेपणा वैद्याचाच, हेही चरक स्पष्ट म्हणतो. पण रोग्याला त्याने पाय मानलं आहे, ओझं मानलेलं नाही. पुढे आपण या चार गुणांतला ऐकण्याचा गुण तेवढा उचलून धरला. ‘डॉक्टर म्हणतील तसं’ म्हणणारा शहाणा पेशंट ठरला आणि सांगू पाहणारा ‘फार बोलतो’ म्हणून बदनाम झाला.

यंदाच्या अंकाचा विषय आहे, ‘पेशंट : उपचारातला भागीदार’. कट प्रॅक्टिस, फुगवलेली बिलं, औषधांच्या किमती यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि लिहिलं जायलाच हवं. आम्ही मात्र एक पायरी मागे गेलो. औषधावर संशोधन सुरू होतं, चाचणीचा आराखडा ठरतो, सरकारी योजनेचा कागद तयार होतो, त्या पहिल्या बैठकीत पेशंट कुठे असतो? बहुतेक वेळा तो नसतोच. त्याला बोलावणं येतं ते शेवटी, सहीपुरतं.

तो नसल्याने काय बिघडतं, हे कळायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या एखाद्या मावशींना विचारून पाहा, बाजाराच्या दिवशी गोळी घेता का? एसटीत दीड-दोन तास काढायचे, आणि उतरल्यावर स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. म्हणून त्या दिवशी गोळी डब्यातच राहते. केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषध नियमित घेत नाहीत’. दाब उतरलेला दिसत नाही म्हणून आणखी एक गोळी वाढते. गोळीची वेळ बदलून चालेल का, एवढं बोलणं दोघांत झालं असतं तर कदाचित भागलं असतं. पण बाहेर शंभर नंबर ताटकळत असतात, आणि मावशींनाही वाटतं, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा.

ओपीडीत जे घडतं तेच मोठ्या प्रमाणावर संशोधनातही घडतं. आमवाताच्या औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं सुजलेले सांधे मोजले जात, दुखरे सांधे मोजले जात, रक्तातले दाहाचे आकडे पाहिले जात. ओमेरॅक्ट हा संधिवाताच्या संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट. काय मोजायचं, हे ठरवणं हेच त्याचं काम. २००२ सालच्या परिषदेत या गटाने पहिल्यांदाच रुग्णांना चर्चेला बसवलं. रुग्ण म्हणाले, दुखतं ते आहेच, पण आमचा दिवस खातो तो थकवा. सकाळी उठल्यावरच अंगात त्राण नसतं, झोपूनही ते भरून येत नाही. हा थकवा मोजमापाच्या मुख्य यादीत नव्हताच. जगभरचे तज्ज्ञ इतकी वर्षं या रोग्यांना तपासत होते, तरी ही गोष्ट यादीत यायला रोगी खोलीत यावा लागला. पुढच्या काही वर्षांत आमवाताच्या चाचण्यांमध्ये थकवाही मोजावा, अशी शिफारस याच गटाने केली.

खोलीत येण्याचा हा हक्क कुणी आपणहून दिला नाही. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या एका परिषदेत एड्स झालेल्या काही जणांनी जाहीर केलं, की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि आमच्याबद्दलचे निर्णय होतात तिथे आम्हाला जागा द्या. ११ ऑक्टोबर १९८८ला एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या ‘अॅक्ट अप’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या कार्यालयाला घेराव घातला. त्यांची मागणी औषध लवकर मिळण्याची होती, तशीच चाचणी माणसाला झेपेल अशी आखण्याचीही होती. एझेडटी या एड्सवरच्या औषधाच्या चाचणीत रोगी आपसांत गोळ्या वाटून घेत होते, आपल्याला खरं औषध मिळतंय की नुसती साखर हे बाहेरून तपासून घेत होते. मरण दारात उभं असताना ते दुसरं काय करणार? पण त्याने चाचणीही बिघडते. पुढे चाचण्यांचे आराखडे ठरवणाऱ्या समित्यांवर रुग्णांचे प्रतिनिधी बसू लागले. त्यांतल्याच काहींनी काढलेल्या ट्रीटमेंट अॅक्शन ग्रुपने १९९४ साली एका नव्या औषधाबाबत उलटी भूमिका घेतली : घाईने मंजुरी देऊ नका, आधी मोठी चाचणी करून पुरावा आणा. पेशंटला विज्ञानातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

आपल्याकडची एक गोष्ट तर मुंबईतच घडली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं देत. त्यांमुळे अनेकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयातून वाचल्या, पण दोघींचेही कान या उपचारात गेले. ‘बरी झाली’ या सरकारी रकान्यात त्या बसतात. ऐकू येत नाही, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. इंजेक्शन टाळता येईल असं बेडाक्विलिन हे तोंडाने घेण्याचं औषध २०१२च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं, पण ते महाग होतं. मूळ पेटंट २०२३मध्ये संपणार होतं, पण ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरं पेटंट मागितलं होतं. ते मिळतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबली असती. आपल्या पेटंट कायद्यात पेटंट देण्याआधी कुणाही व्यक्तीला हरकत घेता येते. या दोघींनी २०१९मध्ये ती घेतली. २३ मार्च २०२३ला, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हे लक्षात घेतलं की या हरकतीचं मोल कळतं.

ज्याचं दुखणं त्याला विचारण्याची ही विचारसरणी महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. सरकारच्या लेखी तेव्हा बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. तिला स्वतःला काय होतंय, हे कार्यक्रमात नव्हतंच. बंग दांपत्याच्या शोधग्राम या केंद्रातला दवाखानाही आदिवासींना विचारून बांधला गेला. तो त्यांच्या गावासारखा आहे : झोपड्या, सोबतच्या नातलगांना राहायला जागा आणि नाव दंतेश्वरी देवीचं.

दुसरा प्रयोग सरकारी यंत्रणेतला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. उपकेंद्राला कुलूप का, औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का, असे प्रश्न मांडवात, माईकवर, नावगावासह विचारले जाऊ लागले. काही ठिकाणी कुलूप निघालं, काही ठिकाणी अधिकारी नुसतेच रागावले. पण आरोग्य केंद्र आपलं आहे आणि त्याचा जाब आपण विचारू शकतो, ही सवय लागली. अशी सवय शासन निर्णय काढून लागत नाही.

उलट बाजूही पाहू. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर सह्या होत्या वॉर्डनच्या. प्रकल्प थांबवावा लागला, संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. ती लस उपयोगाची आहे, म्हणून तर हे अधिक बोचतं. ज्यांना विचारलं नाही त्यांच्या मनात शंका घर करते आणि पुढे चांगल्या औषधालाही ती नडते. आता औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार चाचणी तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीवर एक सामान्य माणूस असावाच लागतो. सात जणांच्या टेबलाशी, इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यापुढे तो एकटा काय बोलणार, हा प्रश्न उरतोच.

भागीदारीतले खड्डेही दाखवायला हवेत. रुग्णसंघटना कंपनीच्या पैशावर चालत असेल तर ती कुणाची बाजू मांडते, हे तिच्या हिशेबाच्या वहीवरून कळलं पाहिजे. रुग्णांच्या नावाने बोलणारे बहुधा शहरातले, इंग्रजी येणारे, बरे होऊन उभे राहिलेले असतात. मेळघाटातला सिकलसेलचा रोगी बैठकीला यायचा तर त्याची मजुरी बुडते, ती कोण देणार? आणि स्वतःचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. ‘मला गुण आला’ एवढ्यावर औषध चालत नाही, चालू नये. उत्तर काढण्याची रीत शास्त्राचीच राहील. प्रश्न कोणता आणि मोजायचं काय, हे ठरवताना मात्र ज्याच्या अंगावर ते बेततं तो माणूस समोर हवा, एवढंच आमचं म्हणणं आहे. डॉक्टरांनी ते आपल्याविरुद्ध मानू नये. शंभर नंबरांची ओपीडी त्यांनाही नकोच आहे.

या अंकात रुग्ण आहेत, परिचारिका आहेत, आशाताई आहेत, औषध कंपन्यांत काम केलेले संशोधक आहेत आणि ‘हे सगळं अव्यवहार्य आहे’ असं ठणकावून सांगणारे एक ज्येष्ठ डॉक्टरही आहेत. त्यांचा लेख आम्ही मुद्दाम पहिल्या पानांत घेतला. कथा-कविता विभागाला विषयाचं बंधन घातलेलं नाही.  औषध कंपन्यांच्या जाहिराती या वर्षी घेतल्या नाहीत. विषय पाहता ते बरं दिसलं नसतं.

एक विनंती. दिवाळीनंतर दवाखान्यात जाल तेव्हा, घरी जी गोळी डब्यात राहते तिच्याबद्दल डॉक्टरांना सांगा. आपण डॉक्टर असाल तर विचारा. उत्तर काय मिळालं, ते आम्हाला कळवा. वाचकांच्या पत्रांसाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.



— संपादक