बिल घाटंजीच्या नेटवर फाडू नका

दिवाळीनंतर आठ दिवस घाटंजीला होतो. घरच्यांना वाटलं, पोरगं आराम करायला आलंय. प्रत्यक्षात त्यातले चार दिवस आतेभावासोबत धरमकाट्याच्या खोलीत गेले. काट्यावरची पावतीची प्रणाली मी आणि दोन मित्रांनी लिहून दिलेली. गाडी काट्यावर चढली की वजन आमच्या सर्व्हरवर जातं, तिथून पावतीचा नंबर येतो आणि पावती छापली जाते. एरवी डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण मध्येच, काही कारण नसताना, आठ-दहा सेकंद काहीच होत नाही.

आठ-दहा सेकंद म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळत नाही. काट्यावर कापसाची गाडी उभी, मागे रांग, आणि पडदा गोठलेला. एक म्हातारे कास्तकार खिडकीतून डोकावून म्हणाले, "काहून हो भाऊ, काटा इचार करून रायला का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. वर्षाची कमाई ज्या आकड्यावर ठरणार तोच आकडा अडला, तर माणसाला एकच शंका येणार... काटा मारताहेत! त्यात त्यांचं काय चुकलं?

दोन हंगाम मी आतेभावाला फोनवर एकच उत्तर देत होतो, "तुमच्याकडचं नेट बेकार आहे." तोही बिचारा "असन दादा" म्हणून गप्प बसायचा. या खेपेला पहिल्यांदा मोजलं. खोलीतून दोन ठिकाणी पिंग चालू ठेवला, एक आमच्या सर्व्हरला आणि एक त्याच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या मशीनला. पावती अडली की दुसरं मशीन पूर्वीसारखंच लगेच उत्तर देई, आमचं मात्र गप्प. म्हणजे घाटंजीपासून तिथपर्यंतचा रस्ता साफ होता. दार आमचंच बंद होतं!

आमचा सर्व्हर म्हणजे भाड्याचं व्हर्च्युअल मशीन. भावकीच्या सामाईक विहिरीसारखं समजा. प्रोसेसर एकच, त्यावर पाळ्या लावलेल्या. शेजाऱ्याने त्याच वेळी जोरात उपसा केला की तुमची पाळी लांबते. आणि गंमत म्हणजे पाळीची वाट पाहताना तुमचं मशीन झोपलेलं असतं, त्यामुळे आपण थांबलो होतो हे त्याचं त्याला धड कळतही नाही. लिनक्समध्ये २००५ पासून, २.६.११ या आवृत्तीपासून, हा हिरावलेला वेळ 'स्टील' म्हणून मोजण्याची सोय आहे. टॉप चालवलं की 'एसटी' या नावाने तो दिसतो. पण तो आकडाही वरच्या मालकाने दाखवला तरच दिसणार. म्हणून मी एक चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दहा मिलिसेकंद झोपायचं, उठायचं, किती उशिरा उठलो ते लिहायचं. बस्स. काम काहीच नाही, तरी पठ्ठ्या मधूनच दोन-तीन सेकंद उशिरा उठे, आणि नेमकं तेव्हाच स्टील वर उडालेलं असे. एका पावतीत असे तीन-चार टप्पे. करा बेरीज!

ज्यांच्याकडून मशीन भाड्याने घेतलं (नाव घेत नाही) त्यांनी उत्तरादाखल सरासरीचा आलेख पाठवला. माझं खरं भांडण या सरासरीशी आहे. शंभर पावत्यांपैकी ९८ पावत्या ०.२ सेकंदात आणि २ पावत्या दहा सेकंदांत निघाल्या, तर सरासरी येते जेमतेम ०.४ सेकंद. आलेख हिरवागार! पण त्या दोन गाड्या ज्यांच्या होत्या त्यांनी सरासरी पाहिली नाही, गोठलेला काटा पाहिला. गूगलच्या डीन आणि बरोसो यांनी २०१३ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर मांडलं. एका सर्व्हरला शंभरात एकदाच एक सेकंदाहून उशीर होत असेल, आणि एका कामाला असे शंभर सर्व्हर लागत असतील, तर शंभरातली ६३ कामं रखडतात.

पुढचा सल्ला ठरलेला, "रॅम वाढवा, प्रोसेसर वाढवा." विहीर तीच, पाळ्या त्याच, बादली मोठी घेऊन काय होणार? उलट काही वेळा जास्त प्रोसेसर मागितले की ते सगळे मोकळे मिळायला अजूनच वेळ लागतो.

आता कोणी म्हणेल, वाटून घेतलंय म्हणूनच स्वस्त मिळतंय ना? कबूल. अख्खं मशीन आम्हाला परवडलं नसतं. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीनची व्याख्या केली, तेव्हाच वेळेतल्या फरकाला त्यांनी सूट देऊन ठेवली होती. म्हणजे हे दुखणं जन्मजात आहे. वाटून घेण्याला माझी हरकत नाहीच. पण मग पाळी जास्तीत जास्त किती लांबू शकते ते आधी सांगा, आणि लांबली की गावाच्या नेटवर बिल फाडू नका.

हे मी मलाही सांगतोय. पावतीचा नंबर काट्यावरच्याच कॉम्प्युटरने द्यावा, पावती लगेच छापावी, आणि सर्व्हरला मागाहून कळवावं, एवढं सुचायला मला दोन हंगाम लागले. का? तर दोष माझ्याकडे असेल असं वाटलंच नाही. गावाकडचं नेट म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

असो. निघायच्या दिवशी आतेभावाला म्हटलं, "तुझं नेट चांगलं आहे रे." तो म्हणाला, "मंग दोन वर्ष मले कास्तकाराइच्या शिव्या काहून खाऊ देल्या?"

उत्तर नव्हतं. अजूनही नाही.