आसन आणि आचार

धर्माचरणाचे स्वातंत्र्य प्रत्येकास आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, त्या आचरणाचे मोल कोणी मोजावयाचे? इस्रायलमध्ये हा प्रश्न विमानातील एका आसनावरून न्यायालयापर्यंत गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यूअर्कहून तेल अवीवला निघालेल्या 'एल अल'च्या विमानात ८१ वर्षांची एक निवृत्त वकील महिला आपल्या जागी बसली होती. शेजारचे आसन एका कर्मठ ज्यू पुरुषाचे. परस्त्रीच्या शेजारी बसणे त्याच्या आचारात बसत नव्हते. विमानसेवकाने त्या वृद्धेलाच दुसरी जागा सुचविली. ती उठली, पण पुढे तिने दावा लावला. बालपणी नाझींच्या तावडीतून निसटलेली ही स्त्री धर्मलंड नव्हती. ती स्वतः श्रद्धाळू, तिचे दिवंगत पती रब्बी. हा झगडा श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा नव्हताच, हे आपल्याकडील पुरोगाम्यांनीही ध्यानी घ्यावे.

जून २०१७ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने निर्णय दिला. शेजाऱ्याला स्त्री नको, या कारणास्तव प्रवाशास जागा बदलावयास सांगणे बेकायदा ठरले. भरपाई ६,५०० शेकेल. रक्कम किरकोळ, दंडक मात्र मोठा. सक्ती नव्हती, केवळ विनंती होती, हा बचाव फोल आहे. गणवेशातील माणूस विनंती करतो, विमान खोळंबलेले असते, सर्वांच्या नजरा वळलेल्या असतात. अशा वेळी हट्ट धरणारा धर्मनिष्ठ ठरतो आणि आपल्या हक्काच्या जागी बसून राहणारी आडमुठी!

इतके होऊनही जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कहून निघणारे विमान चार कर्मठ प्रवाशांपायी तासाहून अधिक रखडले. अखेर जागा सोडावी लागली ती स्त्रियांनाच. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या प्रमुखाने बहिष्कार पुकारला, तेव्हा कोठे नकार देणाऱ्यासच उतरविण्याची घोषणा झाली. न्यायासनापेक्षा गल्ल्याचा धाक अधिक, असेच म्हणावयाचे!

शास्त्र तरी इतके ताठर आहे काय? अमेरिकेतील थोर धर्मनिर्णायक रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी गर्दीच्या बसमध्ये वा भुयारी रेल्वेत होणारा अहेतुक स्पर्श दोषास्पद मानला नव्हता. शब्बाथच्या दिवशी विमाने न उडविण्याचा नियम 'एल अल' १९८२ पासून पाळते. त्याचा तोटा कंपनी सोसते. कोणा एकट्या प्रवाशाला अपमान गिळावा लागत नाही. भेद आहे तो येथेच.

आपल्याकडेही सोवळ्यातील माणसाने स्वतः अंग चोरून जावे, हीच रीत शोभणारी. ज्यांनी इतरांनाच वाटेतून हटविले, त्यांच्या सोवळ्याची गणना आपण आज पातकात करतो. ज्यास शेजार नको, त्याने तिकीट काढतानाच तजवीज करावी. जमत नसेल तर शेजारच्या आसनाचेही पैसे भरावेत.