तालमीतला पंजा आणि इस्लामचा गाभा

कोल्हापुरातील मंगळवार पेठेत आणि आसपासच्या जुन्या पेठांत मोहरमचा चंद्र दिसला की तालमींमध्ये पंजे बसतात. एरवी जिथे लाल मातीचा घमघमाट असतो, तिथे धातूचा पंजा भरजरी वस्त्रांत आणि फुलांच्या माळांत उभा केला जातो. ऊद जळतो, नारळ येतात, चोंगे आणि मलिदा वाटला जातो. दर्शनाच्या रांगेत हिंदू घरांतली माणसे मुसलमानांइतक्याच सहजपणे उभी असतात. नंगीवली तालमीच्या नावात ‘वली’ आहे, शहरातल्याच बाराइमाम तालमीच्या नावात बारा इमाम आहेत. या दृश्यावरून इस्लामविषयी तीन मते सर्रास मांडली जातात. हा मुळातला हिंदूच उत्सव असून इथला मुसलमान नावापुरता मुसलमान, असे एक मत. याचा इस्लामशी काडीचाही संबंध नाही, खरा इस्लाम तेवढा किताबातला, असे दुसरे. इस्लाम हा तलवारीच्या धाकाने आलेला परका धर्म, त्याला या मातीत मूळच नाही, असे तिसरे. ही मते एकमेकांच्या विरोधात उभी दिसतात. परंतु इस्लामच्या श्रद्धा, आचार आणि इतिहास यांची नीट ओळख करून घेतली, तर तिन्हींचा पाया कच्चा असल्याचे कळते.

पहिल्या मताची परीक्षा श्रद्धेपासून करावी लागते. ‘इस्लाम’ या अरबी शब्दाचा अर्थ ईश्वराच्या इच्छेला शरण जाणे. या धर्माचा कणा म्हणजे तौहीद, ईश्वराचे निखळ एकत्व. अल्लाहखेरीज कोणीही पूज्य नाही आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत, ही कलम्यातली ग्वाही मनापासून दिली की माणूस मुसलमान होतो. दीक्षेचा दुसरा विधी नाही. ईश्वराच्या बरोबरीने दुसऱ्या कोणाला मानणे म्हणजे शिर्क, आणि याहून मोठे पाप इस्लामला ठाऊक नाही. एकत्वाला जोडून फरिश्ते, ईश्वरी ग्रंथ, प्रेषितांची परंपरा, कयामतचा दिवस आणि तकदीर यांवर श्रद्धा ठेवायची असते. प्रेषितांच्या परंपरेत इब्राहीम, मूसा आणि ईसा हेही येतात. ईसांची माता मरियम यांच्या नावाचा अध्याय कुराणात आहे. महंमद या मालिकेतले शेवटचे, पण ते माणूसच. त्यांची पूजा होत नाही, म्हणून जुन्या मराठी पुस्तकांत येणारा ‘महंमदी धर्म’ हा शब्दप्रयोग मुळातच चुकीचा आहे.

याच ठिकाणी आणखी एक आक्षेप हमखास निघतो: मूर्तिपूजा वर्ज्य, मग मक्केतल्या काळ्या दगडाला मान कशाला? काबा ही इब्राहीम व इस्माईल यांनी ईश्वराच्या उपासनेसाठी उभारलेली वास्तू, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. तिच्याकडे तोंड करणे म्हणजे जगभरच्या प्रार्थनेला एक दिशा देणे होय. त्या वास्तूची पूजा त्यात नाही. कोल्हापुरातला नमाजी पश्चिमेकडे तोंड करतो, तर मोरोक्कोतला पूर्वेकडे. हजरे अस्वद या दगडाविषयी दुसरे खलिफा उमर यांनी तो दगडच आहे, कोणाचे भले करत नाही की बुरे करत नाही, केवळ पैगंबरांनी चुंबन घेतले म्हणून आपण घेतो, असे स्पष्ट केल्याची नोंद हदीसमध्ये आहे.

आता पंजाकडे वळावे. पंजासमोर किंवा पिराच्या तुरबतीसमोर मुजावर जी फातेहा पढतो, ती कुराणाच्या पहिल्या अध्यायाची असते. सात आयतींच्या या अध्यायात पंजाचे, पिराचे, फार काय पैगंबरांचेही नाव नाही. स्तुती, आश्रय आणि वाट दाखवण्याची विनंती केवळ ईश्वराकडे आहे. वली म्हणजे ईश्वराचा मित्र. मित्राच्या ओळखीने मोठ्या दारी जावे, तशी ही भावना, आणि तिला वसीला म्हणतात. इबादत एका ईश्वराची आणि आदर अनेकांचा, हा भेद साध्या माणसाच्या मनात नेहमी स्पष्ट राहत नाही, हे मान्य करायला हवे. पण तो अस्पष्ट होतो म्हणून मुजावराला हिंदू ठरवणे, हे त्याच्या तोंडची प्रार्थना न ऐकता त्याच्याविषयी निकाल देणे आहे.

हा उत्सव मुळातला हिंदू नाही, हे कालगणनाही सांगते. इस्लामी वर्ष बारा चांद्रमासांचे, सुमारे ३५४ दिवसांचे. मराठी पंचांग चांद्रमासच मोजते, पण साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूंशी मेळ राखते. महिना वाढवण्याची अरबस्तानातली अशी जुनी रीत कुराणाने बंद केली. त्यामुळे मोहरम, रमजान आणि बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. २०१८, २०१९ आणि २०२० ही तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, तेव्हा कोल्हापूरच्या काही तालमींत गणपती आणि पंजा शेजारी बसले. पुढच्या वर्षांत पंजा आषाढाकडे सरकत गेला, गणपती भाद्रपदात राहिला. उत्सवाची वेळ ठरवते ते हिजरी वर्ष, आणि हिंदू घरे त्याच वर्षाच्या चंद्राची वाट पाहतात.

श्रद्धेच्या जोडीला आचार येतो, आणि त्याचे पाच आधारस्तंभ प्रसिद्ध आहेत. कलमा हा पहिला. दुसरा नमाज: फज्र, जुहर, अस्र, मगरिब आणि इशा या पाच वेळा, वजू करून. शुक्रवारी दुपारची नमाज जमातीने आणि खुतब्यासह, म्हणजे प्रवचनासह, होते. तिसरा रमजानचे रोजे, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी वर्ज्य. आजारी, प्रवासी आणि गरोदर स्त्रिया यांना सवलत. पाचवा हज, तोही ऐपत आणि प्रकृती असेल त्यालाच, आयुष्यात एकदा. चौथ्या स्तंभाकडे, जकातीकडे, बाहेरच्यांचे लक्ष फार कमी जाते आणि म्हणून त्यावर थांबणे योग्य. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातून अडीच टक्के काढून द्यावे लागतात. ते कोणाला द्यायचे तेही कुराणाने ठरवले आहे. गरीब, निराधार, कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासी हे त्यांतले काही. जकात ही श्रीमंताची मर्जी नसून गरिबाचा हक्क आहे, अशी तिची मांडणी आहे. ज्या धर्माची ओळख केवळ वर्ज्यांच्या यादीने करून दिली जाते, त्याच्या कण्यात असे आर्थिक कर्तव्य बसवलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकापर्यंत पोचायला हवी तेवढी पोचलेली नाही.

दुसरे मत मांडणारे बहुधा स्वतः धर्मनिष्ठ मुसलमान असतात, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. पैगंबरांच्या काळात पंजे नव्हते, ताबूत नव्हते, निखाऱ्यांची खाई नव्हती. धर्मात नंतर घातलेली भर म्हणजे बिदअत, असे ते म्हणतात. ‘मोहरमचा सण’ या शब्दालाही त्यांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे, कारण मोहरमची दहावी तारीख शोकाची. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० रोजी, इराकातील करबला इथे पैगंबरांचे नातू हुसेन हे उमय्या घराण्याच्या यजीदच्या सैन्याकडून मारले गेले. त्यांच्यासोबत सुमारे बहात्तर जण होते आणि युफ्रेटीस नदीचे पाणी त्यांना तोडले गेले होते. मोहरमात रस्तोरस्ती सरबत वाटतात, त्यामागे ही तहान आहे. पंजाची पाच बोटे म्हणजे पंजतन: महंमद, फातिमा, अली, हसन, हुसेन. नालेच्या आकाराचे पीर हुसेनांच्या घोड्याशी जोडले जातात. कोल्हापूरचा ‘नाल्या हैदर’ हा बाबूजमाल तालमीचा पंजा याच परंपरेतला.

करबलेपर्यंत गोष्ट कशी आली, हे कळायला थोडे मागे जावे लागते. महंमद पैगंबरांना सुमारे ६१० मध्ये हिरा गुहेत पहिला संदेश झाला. मक्केत छळ झाल्यावर ६२२ मध्ये त्यांनी मदिनेला स्थलांतर केले. हिजरी सन तिथून सुरू होतो. ६३० मध्ये मक्का हाती आली आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. वारस कोण, या प्रश्नावर पुढे सुन्नी आणि शिया असे दोन प्रवाह झाले. अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली हे चार खलिफा सुन्नींना मान्य. नेतृत्व अलींच्या वंशातल्या इमामांकडेच असायला हवे होते, हे शियांचे म्हणणे. बारा इमाम ही शियांच्या मुख्य शाखेची श्रद्धा. मग सुन्नी वस्तीच्या कोल्हापुरात बाराइमाम कसे? उत्तर विजापुरात सापडते. युसूफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथाचा खुतबा सुरू केला. पुढच्या काही सुलतानांनी तो चालवला, इब्राहीम दुसऱ्याने सुन्नी मार्ग धरला. सत्ता बदलली, तरी करबलेचा शोक दख्खनच्या गावगाड्यात मुरला होता. तो पाळताना कोणी स्वतःला शिया म्हणवले नाही.

हा सगळा इतिहास इस्लामच्या आतलाच आहे. म्हणून ‘हे शास्त्राला धरून नाही’ असे म्हणण्याचा आलिमांना अधिकार आहे, पण ‘याचा इस्लामशी संबंध नाही’ हे विधान टिकत नाही. शास्त्रही एकसुरी नाही. सुन्नींत हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली असे चार मजहब, म्हणजे विधिपरंपरा, असून चारही परस्परांना ग्राह्य मानतात. कोल्हापूरचा मुसलमान बहुतांशी हनफी. घाट उतरून रत्नागिरीत गेले की कोकणी मुसलमान शाफई, कारण त्याचे पूर्वसंबंध अरबी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी. त्यामुळे अस्रच्या नमाजेची वेळही घाटाच्या वर आणि खाली वेगळी पडते. फिकहमध्ये (इस्लामी विधिशास्त्रात) ‘उर्फ’, म्हणजे स्थानिक रूढी, हीदेखील वचनाच्या विरोधात नसेल तर विचारात घेतली जाते. उपासनेत रूढीला वाव नाही, असे यावर सुधारकांचे उत्तर असते. ते उत्तर पंजाच्या नैवेद्याला लागू पडेलही. पण सरबताची पाणपोई, पंजांच्या भेटी, शेजाऱ्यांची देवघेव यांना ते लागू पडत नाही.

तिसरे मत सर्वांत जोरात बोलले जाते आणि पुराव्यासमोर सर्वांत आधी डळमळते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी इथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे सोपवला होता. मधुमती म्हणजे महंमद, ताजिक म्हणजे अरब. भगवतीच्या मठिकेला त्याच्या कारकिर्दीत दान दिल्याचे त्याच पटात कोरले आहे. त्याच्या दहा वर्षे आधी अरब प्रवासी अल-मसूदी सैमूर बंदरात, आजच्या चौलला, आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. दख्खनेत खलजींचे सैन्य यायला तेव्हा पावणेचारशे वर्षे अवकाश होता.

पुढे सैन्ये आली, लढाया झाल्या, देवळे फुटली. हे नाकारण्याचे कारण नाही आणि झाकण्याचे तर मुळीच नाही. पण राज्यविस्तार आणि धर्मप्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरचा मुलूख बहमनी आणि आदिलशाही सत्तेखाली मिळून तीन शतके होता, तरी २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील मुसलमानांचे प्रमाण सात-साडेसात टक्केच भरते. तलवारीने धर्म पसरला असता तर हा आकडा असा नसता. प्रसाराची खरी वाट सूफी खानकाहांतून आणि कसबी जातींतून जाते. अत्तार, बागवान, पिंजारी, शिकलगार, तांबोळी, मुलाणी ही आडनावे धंद्यांची आहेत, आणि मुलाणी तर गावगाड्याचाच भाग होता. मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसाला सगळ्या जातींची गर्दी होते. शहाजी आणि शरीफजी ही भोसले बंधूंची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवल्याची परंपरा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. कोल्हापूरच्या बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशप्रतिमा आहे. परक्या रोपाची मुळे इतकी खोल जात नाहीत.

मंडनाच्या भरात दोष लपवले तर तेही खंडनास पात्र ठरते. कुराणाने सातव्या शतकात मुलीला, पत्नीला आणि आईला वारसा दिला, विवाहाला करार मानले आणि मेहर हा स्त्रीचा स्वतःचा हक्क ठरवला. तरीही एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकने असंख्य संसार उद्ध्वस्त केले, आणि त्याविरुद्ध आवाज उठला तो याच महाराष्ट्रात. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरवली ती २२ ऑगस्ट २०१७ ला. दलवाईंचे सगळे विचार सर्वांना पटतील असे नाही. पण टीका बाहेरूनच होते आणि समाज आतून गप्प असतो, हा आरोप त्यांच्या कामाने खोटा ठरला.

इस्लामचे ज्ञान अरबीत बंदिस्त असल्याने मराठी माणसाला तो कळणारच नाही, ही शेवटची सबबही उरत नाही. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली, विनोबांनी ‘कुराण-सार’ काढले, सेतुमाधवराव पगडींनी सूफींवर आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर ग्रंथ दिले. कोल्हापूरचा वाटा त्याआधीचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुराणाच्या मराठी भाषांतराला आर्थिक पाठबळ दिले. मुसलमान मुले शिकावीत म्हणून १९०६ मध्ये त्यांनी समाजातील मंडळींना एकत्र बोलावून शिक्षण संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. त्या संस्थेचे मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे, मंगळवार पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.